म्हशीच्या गोष्टीत मी गाळतो तो भाग

आमच्याकडच्या कुठल्याही लग्नात जेवणं उरकली की मला म्हशीची गोष्ट सांगायला बसवतात. सगळ्यांना ती पाठ आहे. पण तिचा एक भाग मी गाळत आलोय — बायकोसमोरही. तो आज सांगतो. तुम्हालाच का? तुम्ही आमच्या पाव्हण्यांतले नाही, म्हणून असेल.

मी पशुवैद्यकांच्या एका नियामक संस्थेत जनसंपर्क विभागाचा प्रमुख. घर जुन्या जालन्यात, कचेरी बाहेरगावी. डॉक्टरांची नोंदणी ठेवायची, त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी तपासायच्या — हे संस्थेचं काम. आणि संस्थेनं काय केलं ते पेपरांना कळवायचं, हे माझं. वहिनी म्हणतात, "ढोरांना बोलता येत न्हाई म्हणून भावजींना पगार भेटतो." मी हसतो. कुणाच्या शेळीला जंत झाले तरी फोन मला येतो, आणि मी, ज्यानं जन्मात धार काढली नाही, ऐटीत सल्ला देतो.

तर गोष्ट अशी. शहागडजवळच्या गावी माझ्या मेहुण्याची म्हैस आजारी पडली. त्याच गावातल्या बौद्ध वस्तीतल्या एका शिक्षकाची मुलगी नुकतीच डॉक्टर होऊन तिथंच काम करू लागली होती. तिनं येऊन इंजेक्शन दिलं. म्हैस हलली, फिरली आणि मेहुण्याच्या कोऱ्या चपलांवर बसली ती बसलीच; तिथंच मेली. मेहुणा म्हशीसाठी रडतो की चपलांसाठी, हे मी असं वठवून दाखवतो की मांडवात हशा होतो. तिथंच मी थांबतो.

पुढे मेहुण्यानं तक्रार केली. "असल्यांच्या हाती जनावर द्यायलाच नको होतं, दाजी," असं म्हणाला. ‘असल्यांच्या’ म्हणजे कुणाच्या, ते मला कळलं नाही? कळलं. मी गप्प बसलो. नुसता गप्प बसलो असतो तरी बरं होतं — मी प्रेसनोट काढली. तिच्यात डॉक्टरीणबाईंचं पूर्ण नाव, गावासकट. चौकशी संपेपर्यंत नाव द्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. नव्या लोकांना तो मीच शिकवतो. कुणी विचारलं तर नजरचूक म्हणणार होतो. कुणी विचारलंच नाही. सासरवाडीत मात्र माझा भाव वधारला. दाजींनी काम केलं! त्या खेपेला मला ताटात पुरणपोळी वाढली गेली, आणि खरं सांगू का — ती गोड लागली.

बातमीचं कात्रण गावातल्या दूध डेअरीच्या दारावर चिकटलं. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला सगळं गाव तिथं येतं. तिला गोठ्यांवरून बोलावणं येईनासं झालं.

चौकशीत ती निर्दोष ठरली. शवविच्छेदनात म्हशीच्या पोटात कोवळी ज्वारी निघाली. अशी ज्वारी जनावराला विषासारखी बाधते. इंजेक्शनचा काही संबंध नव्हता. मग मी दुसरी प्रेसनोट लिहिली: ‘प्राप्त तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. संबंधित पशुवैद्यकास दोषमुक्त करण्यात येत आहे.’ नाव नाही, गाव नाही. कोण दोषमुक्त झालं, वाचणाऱ्याला काय कळणार? कळू नये म्हणूनच तर तशी लिहिली. नाव दिलं असतं तर मेहुणा खोटा पडला असता, आणि पुढच्या सणाला मला त्याच ओसरीवर बसायचं होतं.

तिचा फोन आला. "सर, आरोप झाल्ता तेव्हा नाव टाकलं तुम्ही. मंग आताबी टाका ना. ते कात्रण अजून दारावरच हाये, लोकं तेच वाचून राह्यले."

मी म्हणालो, "मॅडम, नियमात बसत नाही हो." आवाजात माया आणून. असा कुठलाही नियम नाही. निकालानंतर नाव द्यावं, असंच आमच्याकडे लिहिलंय. ती म्हणाली, "बरं सर, थँक्यू." थँक्यू!

एवढ्यावर संपवता आलं असतं, नाही का? थांबा — गाळलेला भाग अजून आलाच नाही. म्हैस मेली त्याच दिवशी, तक्रारीच्याही आधी, मेहुण्याचा मला फोन आला होता. "दाजी, तुम्हाला म्हणून सांगतो, सकाळी ती ज्वारीत शिरल्ती. कुठं बोलू नका." पहिली नोट लिहिताना मला ते माहीत होतं. चौकशी चालू होती तेव्हाही. गोष्टीत मी मेहुण्याची सगळी वाक्यं वठवतो, हे सोडून.

डॉक्टरीणबाई आता एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या प्लांटमध्ये कामाला जाते म्हणे. गेल्या वर्षी नोंदणीच्या नूतनीकरणाचे मेसेज माझ्याच विभागातून सगळ्या डॉक्टरांना गेले. तिचं उत्तर आलं: ‘मी हे काम सोडलं आहे. माझं नाव काढून टाका.’

ते मी त्याच दुपारी नोंदणीवाल्यांकडे पाठवलं. या वेळी मला कुठलाच नियम आठवला नाही.