गाळलेलं कडवं

आमच्या चर्चमध्ये वेळ वाचवायला गीताचं तिसरं कडवं गाळतात. त्या रविवारचं गीत व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका इंग्रज बाईचं, मराठीत आणलेलं. आधी देवाची स्तुती, चौथ्या कडव्यात क्षमायाचना. तिसऱ्यात मात्र ती विचारते, आमचे झगे शिवणारी उपाशी का निजते? भक्तिगीत म्हटलं की आपण ते निरुपद्रवी समजतो. बाईनं लिहिलेलं असलं तर जास्तच.

दुसरं कडवं संपलं. सगळे चौथ्याकडे वळले आणि मार्थामावशी एकट्याच तिसरं गायला लागल्या. पेटीवाल्याला त्यांच्यामागे जावंच लागलं.

उपासना संपल्यावर बाहेर पाळकसाहेबांनी हसत विचारलं, "मावशी, आज तिसरं कसं काय?"

"चौथ्यात आपण क्षमा मागतो ना," मावशी म्हणाल्या, "ती कशाबद्दल, ते तिसऱ्यातच आहे."