बुंदीचे दुधाचे दात

ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगायची टाळली, कारण कुत्रीच्या या गोष्टीत गाढव मी आहे.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि मलकापूरच्या बैलबाजारात माझ्या शब्दाला वजन होतं. बैलाचा जबडा उघडायचा, दात पाहायचे, वय सांगायचं. दुधाचे दात असले की ‘आदत’, म्हणजे अजून पोरगंच! लोक मला ‘दातवाले पाटील’ म्हणत.

मुंबईच्या मेव्हण्याने माझ्या बायकोला, गोदाला, विलायती कुत्री आणून दिली. पांढरी, मूठभर. नाव बुंदी. गुरांच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांनी मला बजावलं, “पाटील, सहा महिन्यांची झाली की आणा. माजावर येण्याआधी गर्भपिशवी काढून टाकू. या लहान जातीत दुधाचे दात पुष्कळदा आपणहून पडत नाहीत, तेही त्याच भुलीत उपटू. उशीर करू नका.”

मी हसलो. (दात मला शिकवतो!)

सहा महिने भरले. गोदा म्हणाली, “अवो, बुंदीले डाक्टरकडे कवा नेता?”

मी जबडा उघडून पाहिला. “आदत हाय. लेकरू हाय लेकरू!”

सातव्या महिन्यात नवे सुळे आले, पण जुने हलेनात. तोंडात दातांची दुहेरी रांग! मी निकाल दिला, “दुधाचे हायेत ना? मंग आदतच!”

आठव्या महिन्यात आमच्या दारात कुत्र्यांचा बाजार भरला.

“हे काऊन जमून राह्यले?” गोदाने विचारलं.

“बुंदीसंगं खेळाले!” असं म्हणून मीच अंगणाचं फाटक उघडलं.

महिन्याभरात बुंदीचं पोट दिसू लागलं. बाप (अंदाजे) कापसाच्या जिनिंगवरचा राखणीचा कुत्रा वाघ्या, वासराएवढा!

गोदाचा चेहरा उतरला. “एवढासा जीव हो! बाळंतपनात अडली तं मरन ते. डाक्टरनं काई सांगतलं नोतं तुमाले?”

“त्यानंच सांगतलं,” माझ्या तोंडून निघून गेलं, “दात पडल्यावर आना म्हने!”

गोदा बुंदीला पदरात घेऊन तडक दवाखान्यात, मागोमाग मी. तिथे दहा-बारा बैलवाले, सगळे माझ्या ओळखीचे!

“काहो डाक्टर, शिकून आले का रस्ता भुलून आले? दात पडाची वाट पाहा म्हनता?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. कौलं चांगली होती.

“चुकलं माझं, ताई,” ते शांतपणे म्हणाले. “आता थांबता येणार नाही. आजच पिशवी काढतो.”

दोन तास गोदा पायरीवर बसून होती. खरं सांगायला मी चारदा तिच्यापर्यंत गेलो आणि चारदा पाणी पिऊन आलो.

बुंदी वाचली! डॉक्टरांनी उपटलेले चार दात पुडीत बांधून माझ्या हातावर ठेवले. “असू द्या पाटील. वयाचा दाखला.”

गोदाने पुढे त्यांना कधी चहाही विचारला नाही.

त्यांची बदली झाली तेव्हा मी स्टेशनवर गेलो. पुडी खिशात होती. “डॉक्टरसाहेब, त्या दिवशी ते... म्हणजे मी...”

गाडी हलली. ते खिडकीतून ओरडले, “बोला ना पाटील, तोंड उघडा!”

शेकडो बैलांचे जबडे एका हाताने उघडणारा मी! सगळं बळ एकवटून तोंड उघडलं आणि म्हणालो, “जेवण वेळेवर करत जा!”