भिडू म्हणालाच होता

माझे दाजी लिफ्ट दुरुस्त करतात. बंद पडलेल्या लिफ्टपेक्षा चालू लिफ्ट त्यांना जास्त सांगते. ते आत शिरतात, पाठ टेकवतात, डोळे मिटतात आणि वरच्या मजल्यापर्यंत जाऊन खाली येतात. मग म्हणतात, "मोटर ठीक आहे, वरची कप्पी रडतेय." कप्पी उघडली की ती रडतच असते. एखाद्या यंत्रात खोट सापडली की त्यांची डावी भुवई किंचित वर जाते. ते त्यांना ठाऊक नाही, आम्हाला ठाऊक आहे.

नातेवाइकांत त्यांना थंड म्हणतात. धाकट्या भावाने मोठं घर घेतलं तेव्हा हे आपली हत्यारांची पिशवी घेऊन गेले आणि त्याच्या खिडक्यांच्या कड्या बसवून आले. हाताखाली शिकलेला माणूस साहेब झाला, तेव्हा त्यालाच चहा पाजून आले. मी शिकायला म्हणून ताईकडे राहायला आले त्याला आता तिसरं वर्ष. या माणसाच्या पोटात कधी काही दुखतच नाही, असं मला वाटायचं. मग आमच्या घरात एक आवाज आला, आणि तोही कानावरच्या हेडफोनमधून, म्हणजे ताईखेरीज कोणालाच ऐकू न येणारा.

झालं असं की ताईचा पाय मोडला. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. उभं राहायचं काम, त्यामुळे सुट्टी घ्यावी लागली. माझ्या प्रबंधासाठी एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेला जुना कॉम्प्युटर समोर होता. वेळ जाईना म्हणून ती त्यावर एक खेळ खेळायला लागली. बर्फाळ डोंगर, धूर, ओसाड घरं, आणि दोघादोघांच्या जोड्या. ताई लांबून नेम धरायची. तिचा जोडीदार औषधं आणि गोळ्या पाठीवर वाहायचा. तो दुसऱ्या कुठल्या तरी गावातला, टायरच्या दुकानात हिशेब बघणारा. त्याला सगळे भिडू म्हणायचे. ताईचा नेम बघून त्याने तिचं नाव ठेवलं, घार.

पाय बरा झाला, घार उरली. लॅबमधून आली, जेवण झालं, की ती हेडफोन चढवायची.

"अरे, मागे बघ ना! मागे! ... गेलास? गेलास ना मरून? हसतोस काय, निर्लज्जा!"

दाजी स्वयंपाकघरात ताटं पुसत असायचे. एकच ताट किती पुसावं माणसाने! पूर्ण बोलणं ऐकून माणूस कधीतरी कंटाळतो. अर्धं बोलणं ऐकणाऱ्याला उरलेलं अर्धं स्वतः रचावं लागतं, आणि ते रचताना कोणी स्वतःवर दया करत नाही.

"त्याला अरे म्हणते," दाजी एकदा मला म्हणाले.

"मग काय अहो म्हणू दे?"

"मला अहो म्हणते."

त्यांनी ताट पुन्हा पुसायला घेतलं.

खरा विषय निघाला तो कार्डावरून. खेळात धुराचा गोळा फुटला की ताईच्या पडद्यावरचं चित्र अडकायचं आणि पुन्हा हलेपर्यंत घार मेलेली असायची. कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र आणणारा भाग, जुनं होतं. ताईने जादा पाळ्या करून थोडे पैसे बाजूला टाकले होते. त्यात एकच गोष्ट बसणार होती.

"भिडू म्हणतो, वापरलेलं घे," जेवताना ताई म्हणाली. "त्याच पैशात मोठं येतं. मेमरी दुप्पट. नवं घ्यायला गेलं तर लहानच परवडेल."

"भिडू म्हणतो?"

"हो."

"उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जातंय? कोणीतरी रात्रंदिवस पिळून काढलेलं कार्ड आपल्या गळ्यात. नवं घ्यावं. गॅरंटी असते."

"तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?"

तिने हे सहज म्हटलं. मीठ वाढ म्हणावं इतकं सहज. दाजींनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून दाजी शिकायला लागले. लिफ्टच्या मशीन रूममध्ये डबा खाताना फोनवर व्हिडिओ बघायचे. घरी मला कोपऱ्यात गाठायचे. "मेव्हणीबाई, फ्रेम म्हणजे चौकटच ना? सेकंदाला साठ चौकटी म्हणजे चांगलं ना?" कुठलं कार्ड किती तापतं, किती वीज खातं, हे त्यांना पाठ व्हायला लागलं. परीक्षेच्या आदल्या दिवशीची मुलं दिसतात तसे ते दिसायचे. आणि जेवताना एकेक गोष्ट हळूच पुढे करायचे.

"तीन पंख्यांचं असतं एक. गार राहतं."

"ते आपल्या कॅबिनेटमध्ये मावत नाही. भिडू म्हणाला."

पुढच्या दिवशी, "नुसतं कार्ड बघून चालत नाही. पॉवर सप्लायला झेपलं पाहिजे."

"हो ना. भिडू म्हणालाच होता. आपल्याला झेपेल असंच त्याने सांगितलंय."

त्याच्या पुढच्या दिवशी दाजी जरा उशिरा आले, पण चेहरा उजळलेला. "आपला पडदा लहान आहे. फार महागडं कार्ड घेऊन उपयोगच नाही. डोळ्याला फरक कळणार नाही."

ताईने मान डोलावली. "भिडूने हे पहिल्याच दिवशी सांगितलं."

मला हसू आलं, मग हसू जिरलं. दाजी रोज काहीतरी ताजं म्हणून घेऊन यायचे आणि ताटात पडेपर्यंत तो शिळ्या कढीला आणलेला ऊत ठरायचा. वाईट हे, की भिडू चुकतही नव्हता. चुकला असता तर दाजींनी त्याला माफ केलं असतं.

शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. तळघरातलं दुकान, वर उघड्या वायरी, भिंतीला रिकामी खोकी छतापर्यंत. दुकानदार दाजींकडे बघून म्हणाला, "मुलासाठी का, साहेब?"

"माझ्यासाठी," ताई म्हणाली.

"वा," दुकानदार म्हणाला आणि पुढचं सगळं दाजींनाच सांगत राहिला. दाजींनी त्याला दोन-तीन नेमके प्रश्न विचारले. तो "साहेबांना माहितीये म्हणजे" असं म्हणाला, तेव्हा दाजींनी ताईकडे हळूच बघितलं. ताई काउंटरवरचं वापरलेलं कार्ड उलटसुलट करून बघत होती.

किंमत तीच. एकीकडे नवं, लहान, चकचकीत खोक्यातलं. दुसरीकडे हे, खोकं हरवलेलं, मेमरी दुप्पट. दुकानदाराने ते कार्ड टेबलावरच्या मशीनला लावून दाखवलं. चित्र आलं, पंखे फिरायला लागले.

"अहो," ताई म्हणाली, "जरा कान लावा ना. पंखा आतून झिजलाय का ते बघा."

"का? भिडू काय म्हणतो?"

"त्याला नाही कळत त्यातलं. तो म्हणाला, हे ऐकूनच ओळखावं लागेल, तुझ्या घरात कोणाला कळत असेल तर बघ. मी म्हटलं, आहे ना आमच्याकडे."

दाजी वाकले. कान कार्डाजवळ नेला, डोळे मिटले. मी समोर उभी होते. डावी भुवई जागची हलली नाही. चेहरा शांत होता, उतारावरून सुरळीत चाललेल्या गाडीत बसल्यासारखा. ते बराच वेळ तसेच राहिले. ऐकायचं संपल्यावरही राहिले.

मग डोळे उघडून म्हणाले, "घासतंय."

"काय सांगता साहेब!" दुकानदार म्हणाला. "लोण्यासारखं चाललंय की."

"तुम्हाला लोणी दिसतंय. मला बेअरिंग ऐकू येतंय. दोन महिने काढेल."

ताईने कार्ड लगेच बाजूला सारलं. एक प्रश्न विचारला नाही. "मग नवंच द्या," ती म्हणाली.

येताना खोकं दाजींच्या मांडीवर होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. भुवईबद्दल विचारायचं तरी कोणाला, आणि कसं.

नवं कार्ड वाईट नव्हतं. चित्र आधीपेक्षा खूपच चांगलं पळायचं. पण मोठा डोंगर आला, धूर झाला, की मेमरी भरायची आणि पडदा पुन्हा अडखळायचा. ताईने तक्रार केली नाही. खेळातल्या सावल्या बंद केल्या, मग पाण्यातली प्रतिबिंबं. आता तिच्या डोंगराला सावली नव्हती, माणसांनाही नव्हती. सगळेच बर्फावर जरा तरंगल्यासारखे चालायचे.

आणि ती सांगत सुटली. लॅबमध्ये सांगितलं, फोनवर आईला सांगितलं, भिडूला तर दोनदा सांगितलं. "अरे, नुसता कान लावला ह्यांनी! दुकानदार चाट पडला. नाहीतर फसलोच होतो. ह्यांचं असंच आहे, कधी चुकतच नाहीत."

दाजींना हेच हवं होतं. आपलं नाव त्या हेडफोनच्या पलीकडे जावं, इतकंच तर हवं होतं. आता ते जात होतं आणि ताट पुसता पुसता त्यांचा हात थांबत होता. त्यांनी मला पुढे एकदा सांगितलं, की त्या दिवसांत भिडूचा राग कमीच झाला होता. हेवा वाटायचा तो ताई ज्या माणसाबद्दल बोलत होती त्याचा. तो कधी चुकत नाही, त्याला ती डोळे झाकून मानते. "बरा होता तो माणूस," दाजी म्हणाले. "परवापर्यंत मीच होतो."

मग एका रविवारी दुपारी ताई खेळायला बसणार, तेवढ्यात दाजी म्हणाले, "त्या कार्डाचा पंखा ठीक होता."

"कुठल्या?"

"वापरलेल्या. काही घासत नव्हतं."

ताईने हातातला हेडफोन टेबलावर ठेवला. "मग?"

"मग काय. मी म्हटलं घासतंय."

"अहो, पण का?"

दाजी म्हणाले, "मी काहीही आणलं की ते त्याने आधीच सांगितलेलं असायचं."

मी आतल्या खोलीत होते. पुस्तकाचं पान उलटलं तर आवाज होईल म्हणून तशीच बसले.

"कार्डाचं सोडा," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. "उद्या एखादा माणूस आवडत नाही म्हणून मी त्याच्या रक्ताचा रिपोर्ट फिरवला तर?"

"तू नाही फिरवणार."

"तुमच्याबद्दल मलाही तसंच वाटत होतं."

तिने दुकानात फोन केला. ते कार्ड आम्ही गेलो त्याच शनिवारी विकलं गेलं होतं. त्यानंतर ती खेळायला बसली नाही. जेवण झालं की कपड्यांच्या घड्या करायची. फोनवर भिडूचे निरोप येऊन पडायचे, ती बघून फोन पालथा ठेवायची. घरात शांतता झाली. दाजींना जी हवी होती ती हीच असावी, पण ती त्यांना सोसवेना. लिफ्ट बघायला जाताना ते आता सोबत हाताखालच्या माणसाला न्यायचे आणि त्यालाही विचारायचे, "तुला काय ऐकू येतंय?"

दाजींच्या मनात आणखी एक धास्ती होती. ती मला त्यांच्या बघण्यावरून कळत होती. एक ना एक दिवस ही हेडफोन लावणार आणि भिडूला सगळं सांगणार. तो हसणार. किंवा हसणार नाही, समजून घेणार. ते तर त्याहून वाईट.

मग एका बुधवारी ताई पुन्हा खेळायला बसली. दाजी स्वयंपाकघरात, मी दाराशी.

"आहे रे, आहे. जरा काम होतं," ताई म्हणाली. मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिली. "हो, धुरात अजून अडकतंय... हो बाबा, मेमरी कमी पडते. तू म्हणालाच होतास."

दाजींनी नळ बंद केला.

"नाही, त्याचा काय संबंध?" ताईचा आवाज एकदम ताठ झाला. "ते कार्ड खराबच होतं. ह्यांनी ऐकलं ना. ह्यांनी खराब म्हटलं म्हणजे खराब." बोलताना तिने मान वळवून स्वयंपाकघराकडे बघितलं. त्या बघण्यात माफी नव्हती, हसू तर नव्हतंच. पुन्हा पडद्याकडे वळून ती म्हणाली, "चल, डोंगरावर चल."

दाजी ओल्या हातांनी तसेच उभे होते.

"ऐकलंत?" मी हळूच विचारलं.

"त्याला माहीत नाही," ते म्हणाले. "मेव्हणीबाई, हे त्याला माहीतच नाही."

त्यांचा चेहरा शरमेने उतरला होता. आणि त्या शरमेतूनही आनंद दिसत होता, चोरटा, हलक्या प्रतीचा. ताईने मागे वळून बघितलं तर तो दिसेल, म्हणून त्यांनी पाठ फिरवली आणि कोरडंच असलेलं एक ताट पुसायला घेतलं.