पावण्याला सांगितलेलं

लेक सासरी धाडताना आई विहीणबाईच्या कानात चार गोष्टी घालतेच. हिला उपास सोसत नाही, हिच्यावर ओरडलं की ताप चढतो, तेवढं सांभाळून घ्या. हुपरीच्या चिमणाबाईनंही तेच केलं. फक्त माणूस चुकला.

तिची संयोगिता टीव्हीवरच्या खेळात निघाली होती. पोरापोरींना एका घरात कोंडायचं आणि त्यांची भांडणं जगाला दाखवायची, असला तो खेळ. आधी चॅनलचा माणूस घरी येऊन गेला. सम्राट त्याचं नाव. आला तसा पाया पडला. पैंजणाला घुंगरं जोडायचं काम बाजूला सारून चिमणाबाईनं त्याला शिरा खाऊ घातला आणि पोटातलं सगळं ओतलं.

"लहानपणी कडब्याच्या खोलीत अडकलती, पावणं. भायनं कडी लागली की अजून जीव घुसमटतोय तिचा. तेवढं जपा."

जपणार की, मावशी, असं म्हणून त्यानं शिरा परत मागून घेतला.

आणि एका दुपारी टीव्हीवर रात्रीच्या भागाची झलक लागली. अरीबा नावाची पोरगी कोठीच्या खोलीला बाहेरून कडी घालते. आतून दारावर थापा. मग अरीबाचं खदाखदा हसणं. थापा कुणाच्या, ते चिमणाबाईला कुणी सांगावं लागलं नाही.

अरीबाचं घर कोल्हापुरातच. तिच्या आईला जाऊन धुवून काढ, असं शेजारणींनी भरवलं. चिमणाबाईनं एसटी धरली. वाटेत शिव्या जुळवायला बसली, पण मन भलतीकडंच धावायचं. कडीची गोष्ट संयोगिता मेली तरी कुणाला सांगणार नाही. मग त्या घरात ती कळली कुणाला?

अरीबाची आई मेहरुन्निसा मोबाइलवर तीच झलक परत परत बघत बसली होती. चिमणाबाईनं नाव सांगताच आधी ती भिंतीला टेकली, मग उठून पाण्याचा तांब्या पुढं केला. शिव्या गळ्यातच राहिल्या.

"ताई, ओढणी बघा. कडी लावताना हिरवी हाय, हसताना पिवळी. ते हसणं त्या येळचं न्हायच."

चिमणाबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. खरंच कापून जोडलं होतं.

"तुमच्याकडंबी आलता व्हय, भाभी, सम्राट?"

ईदला आला होता, शीरखुर्मा खाऊन गेला होता. काय सांगितलंत त्याला, म्हणून विचारल्यावर मेहरुन्निसानं मोबाइल उपडा ठेवला आणि सांगायला लागली. अरीबाचा बाप घर टाकून गेलेला. बापावरनं कुणी टोचलं की पोरगी हातात असेल ते फेकून मारते. एकदा चुलतभावाचं डोकं फुटलं होतं. हिला सांभाळून घ्या, एवढंच सांगायचं होतं तिला.

खेळात ते अजून आलं नव्हतं. ते संयोगिताच्याच तोंडून वदवतील, हे दोघींनाही एकदमच उमगलं.

तेवढ्यात सम्राटचाच फोन आला. आधी त्यानं हळहळ केली. मग म्हणाला, मावशी, अरीबाच्या आईविषयी मनात असेल ते बोलून टाका, कॅमेरा घरी पाठवतो.

"पाठवा की," चिमणाबाई म्हणाली. "पर हुपरीला नगं. आमी दोघी हितं मेहरुन्निसाच्या घरात बसलोय."

पलीकडनं फोन कटला.

मेहरुन्निसा पदराआड हसली. चिमणाबाईलाही बरं वाटलं, घोटभर पाणी पिऊन होईपर्यंत. मग तिच्या ध्यानात आलं, माणूस चिडला असणार, आणि दोन्ही पोरी अजून त्याच्याच घरात होत्या.

तिनं घाईघाईनं नंबर फिरवला. फोन वाजत राहिला. कुणी उचलेना.