रडणं मोबाइलचं

"अगं, पण बाबा तुझेच ना?"

"माझेच."

"आणि अपघातही खरा?"

"खरा."

"मग उद्या हे वाचायला काय धाड भरलीय तुला?"

"नाही वाचणार, मॅडम. सांगितलं ना."

इंग्रजीच्या मॅडमनी निबंधाचा कागद टेबलावर आपटला. समोर सुतळी ढिम्म उभी. अंगावर वर्कशॉपचा ॲप्रन, नखांत तेल. अंगाने काडीसारखी म्हणून सुतळी. आयटीआयच्या टर्नरच्या वर्गातली एकटी मुलगी.

मॅडमनी या वेळी निबंध एआयकडून लिहून घ्यायची मोकळीक दिली होती, आणि आज त्यावर प्रत्येकाचं मत विचारलं होतं. मग काय, वर्गाचा बाजार झाला.

"मॅडम, हातकरवत सोडून मशीन आणलं तेव्हा कुणाला चोर म्हणालात का?" वेल्डर शिकणाऱ्या पोराने बाकावरूनच आवाज टाकला.

"मला तर बरं वाटलं," वायरमन म्हणाला. "आधी माझं इंग्रजी वाचून तुम्ही हसायच्या."

"मी? कधी?"

"गालातल्या गालात, मॅडम."

"शहाण्या, मुलाखतीला साहेब तुझं तोंड बघणार," फिटरने त्याला कोपर मारलं. "तिथे खिशातून मोबाइल बोलणारे का?"

सुतळीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "ठीक आहे."

"काय ठीक आहे?"

"लिहितं."

सगळे हसले. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

वर्ग पांगल्यावर मॅडमनी तिला थांबवून घेतलं होतं. उद्या कारखान्याची माणसं शिकाऊ उमेदवार निवडायला येणार होती. पालकांनाही बोलावणं होतं. त्यांच्यापुढे सुतळीने निबंध वाचला की तिची जागा पक्की, असं मॅडमना वाटत होतं. जागा तिला हवीच होती. नाहीतर मामाच्या फरशीच्या दुकानात बसायचं, हे आईने ठरवून टाकलं होतं.

निबंधासाठी तिने मोबाइलला एवढंच सांगितलं होतं : बाबा टर्नर होते, लेथ मशीनवर त्यांचा उजवा हात गेला. मोबाइलने पानभर लिहिलं. तिने ते न वाचताच उतरवून दिलं. आज मॅडमनी मोठ्याने वाचून अर्थ सांगितला तेव्हा कुठे तिला कळलं आपण काय दिलंय.

"किती भावना आहेत गं यात!" मॅडमनी कागद पुन्हा उचलला. "माझे अश्रू थांबेनात, काळजाच्या चिंधड्या झाल्या... माझ्याच डोळ्यांत पाणी आलं."

"ते रडणं मोबाइलचं आहे. मी रडले नव्हते."

"बरं, नसशील. निबंधात तेवढा मीठमसाला चालतो."

"आणि ही ओळ?" सुतळीने तेलकट बोट ठेवलं. "त्या दिवशी बाबा हातमोजे घालायला विसरले, म्हणे."

"मग? चांगला संदेश आहे की."

"मॅडम, फिरत्या लेथवर हातमोजे घालतच नाहीत. मोजा अडकला की हात आत ओढला जातो. पहिल्याच दिवशी शिकवतात आम्हाला. कारखान्याची माणसं हसून लोळतील."

"एवढंच ना! आणि मी मघापासून घसा कोरडा करतेय." मॅडमनी पेन उघडलं. "ही ओळ खोडली. आता खरं काय झालं ते सांग, मी इंग्रजीत घालते."

सुतळीने तेलकट बोट ॲप्रनला पुसलं.

"घातले होते," ती म्हणाली.

"काय?"

"हातमोजे. बाबांनी."

कडाक्याची थंडी होती, बोटं वळत नव्हती. नव्या पोरांच्या हातातले मोजे ओढून काढून शिव्या घालणारा मिस्त्री म्हणजे बाबा, त्यांनी त्या दिवशी स्वतः लोकरीचे चढवले. सुतळी शाळेतून येऊन त्यांच्यासोबत घरी जायला कारखान्यात थांबलेली. मशीन तिनेच बंद केलं. लोकांना हाका मारल्या. बाबांना नेल्यावर झाडू घेतला आणि खाली पडलेला लोखंडाचा कीस गोळा केला, रोज बाबा करायचे तसा. आई अजून म्हणते, मशीनने घात केला. बाबा मान डोलावतात. त्यांच्या तोंडावर वेगळं कुणी बोललेलं नाही.

हे तिने बसच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं.

"उद्या बाबा पुढच्या रांगेत बसणार," ती म्हणाली. "त्यांना इंग्रजी येत नाही. पण ग्लव्ह्ज एवढं कळतं."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"मग मोज्यांचं नकोच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फक्त तुझं लिहू. जागेचा प्रश्न आहे, बाळा. तुला तेव्हा काय वाटलं?"

"काही नाही."

"असं कसं? काहीतरी वाटलं असेल. आठव ना."

सुतळीने खरंच आठवून पाहिलं. झाडू आठवला. कीस ओला होता, तो झाडूला चिकटत होता, हे आठवलं. त्याच्यापुढे काही नव्हतं. मुंग्या आलेल्या पायाला चिमटा काढावा आणि तो दुसऱ्याच कुणाचा पाय वाटावा, तसं.

"तेव्हा नाही, तर नंतर? घरी गेल्यावर? रडू तरी आलं असेल की नाही कधी?"

वर्कशॉपची बेल झाली. सुतळीने टेबलावरचा आपला वर्कशॉपचा चष्मा उचलला, ॲप्रनच्या टोकाने काच पुसली, आणि मॅडम तिच्या तोंडाकडे बघत असतानाच दार लोटून बाहेर निघून गेली.