विणकर अज्ञात

औरंगपुऱ्यातल्या त्या दुकानात भिंतीवर घोंगडी टांगलेली होती आणि तिच्याखाली पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवली होती. ‘निजामकालीन. शंभर वर्षांहून जुनी. विणकर अज्ञात.’ योगिनीनं चिठ्ठी वाचली तेव्हा तिला काहीच वाटलं नव्हतं. तिच्या दोघी मैत्रिणी पुढं पितळेच्या समया बघत होत्या आणि तिनं सहज म्हणून घोंगडीचा खालचा कोपरा हातात घेतला. काळ्या लोकरीवर पांढऱ्या सुताचे तीन आडवे टाके होते, आणि तिसरा टाका पहिल्या दोहोंपेक्षा आखूड होता.

असे टाके घालणारी बाई जगात एकच होती. ती योगिनीची सख्खी आत्या होती. पाचोडजवळच्या एका वस्तीवर राहत होती, आणि परवाच तिनं फोन करून विचारलं होतं की तुझी पोरगी आता नीट जेवती का.

योगिनी एका विमा कंपनीच्या कचेरीत कामाला होती. सुलेखा आणि संस्कृती तिच्या तिथल्याच मैत्रिणी. सुलेखानं बीड बायपासला नवा फ्लॅट घेतल्यापासून तिघींचे रविवार जुन्या वस्तूंच्या दुकानांत जात होते. गुलमंडीच्या मागच्या गल्ल्या, भंगारवाल्यांची गोदामं, जुनं लाकूड विकणारे, कुठंही त्या घुसत. चिनी मातीची बरणी, पानाचा पितळी डबा, काच तडकलेला कंदील असं काहीतरी हाती लागायचं आणि मग रिक्षात ते मांडीवर घेऊन घरी जायचं. संस्कृती विकत फारसं घेत नसे, फोटो काढायची. योगिनीला त्या वस्तू हातात धरून बघायला आवडायचं. आपला बाप मेंढरांमागं फिरून मोठा झाला आणि आपल्या घरात अशा वस्तू कुणी भिंतीवर लावल्या नाहीत, वापरून झिजवल्या, हे मात्र तिनं मैत्रिणींना कधी सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असं नाही. कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही विषय काढला नव्हता.

दुकानाचा मालक शिवराज तिशीतला, खादीचा कुर्ता घालणारा, हळू बोलणारा होता. प्रत्येक वस्तूमागं त्याच्याकडं एक गोष्ट तयार असे. सुलेखानं घोंगडीबद्दल विचारताच तो जवळ आला. कन्नडकडच्या एका मोठ्या जमीनदाराच्या पेटीतून ती निघाली म्हणाला. हॉलमध्ये सोफ्याच्या मागं लावा, दुसरं काही लावावं लागणार नाही. हे काम आता होत नाही, म्हणूनच त्याला मोल आहे.

“होत का नाही?” योगिनीनं विचारलं.

“मॅडम, आता मागावर कोण बसतं? विणणारी माणसंच संपली.”

योगिनी संतापली. तरी ती आवाज न चढवता बोलली. ही घोंगडी माझ्या आत्यानं विणलीय, तिचं नाव बानाबाई आहे, हे तीन टाके तिचे आहेत. शिवराज हसला. भाव पाडायला बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघून दुकानदार हसतो, तसं. म्हणाला, जुन्या कामात असे टाके पुष्कळ ठिकाणी सापडतात. सुलेखानं योगिनीचं कोपर ओढलं.

रिक्षात सुलेखा म्हणाली, असेल तुझ्या आत्याची, पण चारचौघांत एवढं कशाला काढायचं? आणि वर म्हणाली, तू कधी बोलली नाहीस तुमच्याकडं असलं काम करतात ते. ‘असलं’ हा शब्द योगिनीच्या जिव्हारी लागला. ती दोन चौक आधीच उतरली आणि उन्हातून चालत घरी गेली. चालताना तिला दुसरंच काही आठवत होतं. त्या घोंगडीला सात भोकं होती. कडा काळ्या, करपलेल्या. आत्याच्या घोंगडीला सात भोकं कुठून आली?

घरी आल्यावर तिनं दिवाणाच्या खणातून आत्यानं दिलेल्या दोन घोंगड्या बाहेर काढल्या. पाच वर्षं त्या तिथं गाद्यांच्या खाली पडल्या होत्या. पाहुण्यांसमोर तिनं त्या कधी अंथरल्या नव्हत्या. शिवराजचा राग आला होता तो होताच, आता त्यातला थोडा स्वतःकडंही वळला.

बानाबाई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासरी खड्ड्यातला माग होता. मागावर पुरुष बसत आणि बायका चरख्यावर सूत कातत. लोकर कातरायची, पिंजायची, कातायची, ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावायची, हे सगळं बायकांनी करायचं आणि मागावर मात्र बसायचं नाही. वीस वर्षं तिनं नवऱ्याच्या, कडुबाच्या, हाताखाली सूत पुरवलं. मग कडुबाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मुलगा गोकुळ वाळूजला कंपनीत लागलेला, त्याला मागात रस नव्हता. भाऊबंद म्हणाले, माग मोडा, लाकूड तरी कामाला येईल. बानाबाईनं दुसऱ्या दिवशी पदर खोचला आणि खड्ड्यात पाय सोडून बसली. बाई मागावर बसली म्हणून वस्तीवर चार महिने कुणी तिच्याशी धड बोललं नाही. पहिल्या घोंगडीचा काठ वाकडा आला. कडुबा खाटेवरून डाव्या हातानं खुणा करून चूक दाखवायचा. तिनं ती उसवली, पुन्हा विणली, पुन्हा उसवली. सरळ काठ आला त्या दिवशी कोपऱ्यात तीन टाके घातले. एक कडुबाचा, एक गोकुळचा आणि एक आखूड आपला, कारण ती सगळ्यांत शेवटी शिकली. तेव्हापासून तिच्या हातून निघालेल्या प्रत्येक घोंगडीवर ते टाके होते. लिहिता येत नव्हतं, तर सही म्हणून तेच.

पुढच्या सुट्टीला योगिनी पाचोडला गेली. आत्यानं आठवून सांगितलं. आठवडी बाजारात पिकअप घेऊन एक माणूस आला होता. त्यानं एकदम सहा घोंगड्या घेतल्या, तिच्याजवळ बसून चहा प्याला, लई चांगलं काम हाय म्हणाला. तिला बरं वाटलं होतं. योगिनीनं चिठ्ठीवरचा मजकूर सांगितला तेव्हा बानाबाई फक्त हुं म्हणाली. विणणारी माणसं संपली असं दुकानदार म्हणतो, हे सांगितलं तेव्हाही ती चुलीतली लाकडं पुढं सारत राहिली. भोकांचं सांगितलं तशी ती उठली.

“किती?”

“सात.”

“उंदरानं खाल्ली का?”

“नाही आत्या. जाळून पाडलीत.”

बानाबाईनं कडुबाचं जेवण शेजारणीवर सोपवलं आणि लुगडं बदलून बाहेर आली. पिशवीत काळ्या लोकरीची गुंडी, दाभण आणि कात्री टाकली. दुपारच्या यष्टीनं दोघी शहरात आल्या आणि बसस्थानकावरून थेट दुकानात गेल्या. योगिनीनं दोघी मैत्रिणींना कळवलं होतं. संस्कृती तिथं आधीच येऊन थांबली होती. सुलेखा आली नाही.

बानाबाई भिंतीसमोर उभी राहिली. मग ती शिवराजला म्हणाली, “खाली काढ ती, बाबा.”

“मावशी, हात नका लावू. जुना माल आहे, फाटेल.”

“म्या इणलीय. माझ्या हातानं नाय फाटत.”

तिनंच टाचा उंचावून घोंगडी उतरवली, नाकाला लावली आणि म्हणाली हिला चहाचा वास येतो. मग एकेका भोकात बोट घालून बघितलं. शिवराज आता अवघडला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, पुण्याहून आलेलं जोडपं, आणि ती दोघं ऐकत होती. त्यानं आवाज खाली आणून समजावायला सुरुवात केली. लोकांना जुनं दिसलेलं आवडतं, चहात भिजवून रंग उतरवावा लागतो, उदबत्तीनं थोडी भोकं पाडावी लागतात, सगळेच असं करतात, तुमच्या कामाला यात काही कमीपणा नाही.

“जुनी दिसायला ती वापरावी लागती,” बानाबाई म्हणाली. “माझ्या सासऱ्याची घोंगडी चाळीस वर्सं पावसात भिजली. तिच्यावर मेंढरं व्याली, लेकरं निजली. तिला एक भोक नव्हतं. तू बसल्या जागी सात पाडली.”

योगिनीनं चिठ्ठी काढून आत्याला वाचून दाखवली. अज्ञात म्हंजी काय, असं आत्यानं विचारलं. कुणी विणली ते माहीत नाही, असा अर्थ योगिनीनं सांगितला. बानाबाई शिवराजकडं वळली.

“तुझा मानूस माझ्यापाशी बसून चहा प्याला. त्यानं माझं नाव इचारलं नाय. इचारलं नाय आन् माहीत नाय, ह्या दोन गोष्टी येगळ्या हायेत.”

शिवराजनं एकदम वेगळीच गोष्ट पुढं केली. तुम्ही मला दर महिन्याला माल द्या, म्हणाला, आणि जमलं तर तिकडूनच थोडा जुनाट करून पाठवा, म्हणजे इथं कुणाला काही करावं लागणार नाही. योगिनीला वाटलं आता याच्या अंगावर धावून जावं. बानाबाईनं पिशवीतून गुंडी, दाभण आणि कात्री काढली. ती दुकानाच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसली, घोंगडी मांडीवर पसरली आणि दाभणात लोकर ओवली.

शिवराज म्हणाला, माल माझा आहे, मी पैसे मोजलेत. त्यावर ती शांतपणे म्हणाली की तुझाच हाय, विकली ती विकली, म्या न्यायला नाय आले. आणि तिनं पहिलं भोक बुजवायला घेतलं. करपलेली कड कात्रीनं काढून टाकायची, उभे धागे पुन्हा ताणायचे, आडवे त्यांच्यातून घालायचे. संस्कृती समोर बसून घोंगडीचं टोक ताणून धरू लागली. पुण्याच्या बाईनं जवळ येऊन विचारलं, तेव्हा बानाबाईनं तिला सगळं सांगितलं. कधी विणली, लोकर कुणाच्या मेंढ्यांची, ती गेल्या चैत्रात मागावरून उतरली तेव्हा किती काळी होती. बाईच्या नवऱ्यानं चिठ्ठी उचलून वाचली आणि मोठ्यानं हसला. शिवराजनं ती त्याच्या हातातून घेतली, चुरगाळली आणि खिशात घातली. सातवं भोक बुजलं तेव्हा उन्हं उतरली होती. घोंगडी आता कुणालाही शंभर वर्षांची वाटली नसती. बानाबाईनं ती नीट घडी करून गल्ल्यावर ठेवली.

मग तिनं बाकीच्या पाचांचं विचारलं. शिवराजनं टाळाटाळ केली. योगिनी आणि संस्कृती हलेनात, तेव्हा त्यानं सांगितलं. दोन जालना रोडवरच्या एका हॉटेलात गेल्या, एक पुण्यात घरं सजवून देणाऱ्या एका बाईंनी नेली, दोन येणाऱ्याजाणाऱ्यांनी नेल्या, त्यांचा पत्ता नाही. सगळ्यांनाच भोकं पाडली होती.

सुलेखाचा त्या रात्री संदेश आला. तुझ्या आत्याकडून मला एक करून मिळेल का, पण जरा जुनी दिसणारी. कचेरीत पुढचे कितीतरी दिवस योगिनी सुलेखाशी कामापुरतंच बोलली. रविवारची भटकंती बंद पडली.

हॉटेलात योगिनी चार वेळा गेली. घोंगड्या काचेत बसवलेल्या होत्या. व्यवस्थापक म्हणायचा की पाहुण्यांना त्या अशाच आवडतात, आणि मालक परगावी आहेत. चौथ्या वेळी मालकीणबाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि काच उघडायला लावली. बानाबाई दोन दिवस येऊन मागच्या खोलीत बसली आणि दोन्ही घोंगड्या बुजवून गेली. तिथं तिला कुणी चहासुद्धा विचारला नाही, हे योगिनीला फार नंतर कळलं, आणि तेही तिच्यासोबत बसलेल्या संस्कृतीकडून.

शिवराजकडून पत्ता घेऊन योगिनीनं पुण्यात घरं सजवून देणाऱ्या त्या बाईंना पत्र पाठवलं. महिन्यानं उत्तर आलं. भोकांतच त्या वस्तूचं खरं सौंदर्य आहे, त्यांनी लिहिलं होतं, आणि जुन्या वस्तूला नवा हात लागू नये असं त्यांचं तत्त्व आहे. योगिनीनं ते फोनवर आत्याला वाचून दाखवलं. पलीकडं मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याचा आवाज थांबला.

“त्या बाईचं घर कुठंशी हाय?” आत्यानं विचारलं.

योगिनीनं पत्ता सांगितला.

“मग पुन्याची यष्टी किती वाजता सुटती ते इचारून ठेव,” बानाबाई म्हणाली, आणि धोटा पुन्हा सुरू झाला.