सहा बाया आणि एक मांडा

जळगावात ठिबक सिंचनाचं सामान बनवणाऱ्या एका कारखान्यात मी माहितीपत्रकांतली चित्रं काढतो. नळी कुठे जोडायची, फिल्टर कसा धुवायचा. बाण, आकडे, झालं. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपल्याला चित्र काढता येतं. चाळिशी उलटल्यावर कॉमिक शिकायला बसलो आणि चार दिवसांत माझी घमेंड उतरली. एकच माणूस सहा चौकटींत काढायचा, तर दुसऱ्या चौकटीत तो स्वतःचाच भाऊ दिसायचा आणि सहाव्या चौकटीत सासरा.

मोबाइलवरच्या व्हिडिओत शिकवणारा सांगायचा, दोन चौकटींमध्ये कोरी जागा सोडा, तिथलं वाचणारा स्वतः पाहतो. मला ही निव्वळ फेकाफेक वाटली. कोऱ्या कागदात कोण काय पाहणार?

विषय मात्र पक्का होता. सोनगीरजवळच्या खेड्यात माझी मावशी राहते. ती मांडे करायची. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत ती कोपरापर्यंत मोठा करायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायची. आसपासच्या गावांतल्या लग्नांना तिला हटकून बोलावणं असायचं. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. तेव्हापासून मांड्यांचं नाव काढलं की ती तोंड फिरवून घ्यायची. ती कला आमच्यापैकी कुणीच शिकलं नव्हतं. निदान कागदावर तरी ती राहावी, आणि मावशीने ती ओळखावी, एवढंच मला हवं होतं.

सहा चौकटींचं एक पान घेऊन एका रविवारी एसटीने गेलो. मावशी कधी शाळेत गेलेली नाही, म्हणून पानावर एक अक्षरही नव्हतं. तिने ते डाव्या हाताने मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ पाहिलं.

"भाऊ, सहा बाया आन एकच मांडा?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. लग्नघरी चुली ओळीने मांडतात आणि प्रत्येक खापरापुढे एक बाई बसते. मावशीने माझ्या चौकटी तशाच वाचल्या होत्या; भाजून झालेला मांडा तेवढा सहावीपुढेच होता. एवढ्यावर थांबेल तर ती मावशी कसली! तिने एकेकीची हजेरी घ्यायला सुरुवात केली. पहिलीचा उंडा कोरडा. दुसरी बरी. तिसरीवर बोट आपटून आपल्या अहिराणीत म्हणाली, "हिना मांडा फाटी जाई."

तिसऱ्या चौकटीत मी तळवे वर काढले होते. मांडा तर हातांच्या पाठीवर पसरतात. इतकी लग्नं जेवलो आणि एवढंही पाहिलं नव्हतं. मला भयंकर लाज वाटली.

"मावशी, ती एकच बाई शे," मी सहाही चौकटींवरून बोट फिरवत म्हणालो. "बठ्ठी तूच शे."

मला वाटलं, आता पान बाजूला सारणार. पण तिने बोट परत पहिल्या चौकटीवर नेलं आणि तिथून हळूहळू सरकवत आणलं. या खेपेला तिचा डावा खांदा हलत होता, मान थोडी कलली होती. चौथ्या चौकटीत मांडा अजून हातांवर होता आणि पाचवीत तो खापरावर पसरलेला. मधला क्षण मला जमला नव्हता, म्हणून मी काढलाच नव्हता.

तिचं बोट नेमकं त्या दोन चौकटींमधल्या बोटभर कोऱ्या जागेत थांबलं. तिने श्वास रोखला. तिथे काहीही नव्हतं, आणि ती डोळे विस्फारून तिथेच बघत होती. माझाही श्वास अडकला होता. मांडा हवेत होता.

मग बोट पाचव्या चौकटीतल्या खापरावर आलं आणि मावशीने श्वास सोडला.

"पडना," ती म्हणाली. "बराबर पडना."